पुस्तकाचा कान

औंढा नागनाथ
दि. १४ ऑक्टोबर २००२

दादा,

पत्राच्या माथ्यावर 'तीर्थरूप' लिहिलं, पुढं 'तुम्ही' लिहायला गेलो आणि पेन अडलं. मग तीर्थरूपही खोडलं. जन्मभर तुला अरेतुरे केलं. आता अकरा वर्षांनी एकदम अहोजाहो केलं तर तू म्हणशील, याला काहीतरी पाहिजे दिसतंय. पाहिजेच आहे, पण ते शेवटी सांगतो.

हे तुला सूनबाई वाचून दाखवणार. रागिणी, तू दहावी पास आहेस हे मी साखऱ्याच्या लोकांकडून ऐकलं. शिवहारच्या लग्नाला मी नव्हतो, म्हणून तू मला पाहिलेलं नाहीस. मी तातेराव, तुझ्या सासऱ्याचा पाठचा भाऊ. त्यानं माझ्याबद्दल जे सांगितलं असेल त्यातलं निम्मं खरं धर. आणि हे वाक्य त्याला वाचून दाखवू नकोस.

तर दादा, मी जूनमध्ये रिटायर झालो. ढोरांच्या दवाखान्यात तीस वर्षं जनावरं धरली, सुया उकळल्या, पुढं पुढं सुया टोचल्याही. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मी कधी नाही म्हणालो नाही. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठंच जायचं नाही त्याला घड्याळ का देतात, ते देणाऱ्यांनाच ठाऊक. पहिला महिना मी झोपून काढला. दुसऱ्या महिन्यात मिराबाई म्हणाली, काहीतरी उद्योग बघा, नाहीतर नागनाथाच्या देवळात जाऊन दगड मोजा. मी वही आणली आणि लिहायला बसलो.

काय लिहिलं असेल, ओळख. 'शेळ्या-मेंढ्यांची दुखणी व घरगुती उपाय'. आपल्या बापाची औषधं रे, नामाजी मेंढक्याची. सगळी मिळून एकेचाळीस भरली. मला वाटलं होतं बारा-पंधरा असतील.

मग पुस्तक कसं निघतं ते विचारायला हिंगोलीला किसनसिंगच्या छापखान्यात गेलो. माझी समजूत अशी, की वही एका कंपनीला द्यायची, कंपनी छापते, विकते आणि आपल्याला हार घालते. किसनसिंग लग्नपत्रिकेचे गठ्ठे बांधत होता. तो म्हणाला, "मास्टर, छापनेवाला मैं. प्रकाशक तुम खुद." म्हणजे पुस्तकात 'प्रकाशक' म्हणून आपलंच नाव, आपल्याच घराचा पत्ता, आणि पुस्तकं ठेवायला आपलीच खाट. त्यानं एकच प्रश्न विचारला, पुस्तक घेणार कोण? मी म्हणालो, मेंढके घेतील. त्यानं विचारलं, मेंढक्यांना वाचता येतं का? मी चहा पिऊन निघालो.

आता माझं काम. मेंढराचं पोट फुगलं तर बाप आधी तेल पाजायचा की आधी चालवायचा? माझ्या डोक्यात दोन्ही आहे. तू सांगशील तसं लिहितो. उत्तर रागिणीकडून दोन ओळींत पाठव, कार्डाचे पैसे मी देईन म्हणतो म्हणजे तुला राग येईल आणि तू स्वतःचंच कार्ड पाठवशील.

दवाखान्यातल्या त्या दिवसाबद्दल एवढंच, की त्या दिवशी फार गर्दी होती.

वैनीला नमस्कार.

तातेराव


औंढा नागनाथ
दि. १९ जानेवारी २००३

दादा,

तुझं कार्ड आलं नाही. पोस्टाचा काही भरवसा नाही, असं मी मिराबाईला सांगितलं. ती म्हणाली, बाकीची पत्रं तर बरोबर येतात.

पुस्तक झालं. पाचशे प्रती. आमच्या खाटेखाली आता मांजरसुद्धा जाऊ शकत नाही.

तुला सांगतो, पुस्तक लिहिणं सोपं, पण ते काढणं म्हणजे अडलेली मेंढी सोडवण्यासारखं आहे. किसनसिंगकडं कॉम्प्युटरवर एक बाई टाइप करते. ती शहरात वाढलेली, तिनं 'लेंडी' असेल तिथं प्रत्येक ठिकाणी 'लेडी' केलं होतं. मी प्रुफं तपासायला तीन वेळा हिंगोलीला गेलो. पहिल्या वेळी लाल पेन नेलं नाही, दुसऱ्या वेळी चष्मा नेला नाही.

मग फॉर्म्याचं शिकलो. पुस्तकाची पानं सोळा-सोळाच्या हिशेबानं छापतात, त्याला फॉर्मा म्हणतात. माझी औषधं त्र्याहत्तर पानांत संपली आणि पाच फॉर्म्यांची होतात ऐंशी. सात पानं कोरी राहत होती. किसनसिंग म्हणाला, कोरं सोडू नका, लेखकाचा परिचय लिहा. मला वाटलं, सात पानं आपल्याबद्दल काय लिहिणार? लिहायला बसलो तर नऊ झाली. दोन कापावी लागली.

कव्हरला चित्र पाहिजे होतं. आपल्याकडं बापाचा तो जुना फोटो होता ना, जत्रेतल्या फोटोवाल्यानं काढलेला? बाप, आणि त्याच्या पायाशी तो शिंगवाला काळा मेंढा. मी तो हरीश पेंटरला दिला. त्यानं बाप काढून टाकला आणि मेंढा मोठा केला. म्हणाला, विक्रीला मेंढा बरा. चित्र इतकं हुबेहूब झालंय की मिराबाईनं गठ्ठा उघडल्यावर आधी दार लावून घेतलं. खाली ठळक अक्षरात नाव, 'तातेराव नामाजी गडदे'. ते मी किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.

एक प्रत रजिस्टरनं तुला पाठवतोय. रागिणी, सगळं वाच. शेवटची सात पानं नाही वाचलीस तरी चालेल.

पोटफुगीत मी 'आधी तेल' असं छापलंय. वाट पाहून पाहून मग छापलं.

त्या दिवशी परभणीचे साहेब आले होते, दादा. नुसती गर्दीच नव्हती.

तातेराव


औंढा नागनाथ
दि. २० मार्च २००३

दादा,

रजिस्टरची पोच आली. तिच्यावर अंगठा तुझाच आहे. करंगळीएवढा अंगठा दुसऱ्या कुणाचा असणार, आपल्या घराण्यातच तसा आहे. म्हणजे पुस्तक पोचलं, आणि तरी तू गप्प आहेस. बरं.

आता ऐक, पुस्तक विकायला मी काय काय केलं.

आधी प्रकाशन समारंभ केला. आपलं पुस्तक आपणच छापायचं आणि मग दुसऱ्याच्या हातानं रंगीत कागद फाडून जगाला सांगायचं, की हे आत्ताच निघालं. वाचनालयाच्या हॉलमध्ये तीसेक माणसं होती. पाहुण्यांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं, त्यांनी पाऊण तास गाईवर भाषण केलं. शेवटी मी अकरा प्रती 'सप्रेम भेट' म्हणून वाटल्या. पुढच्या आठवड्यात त्यातली एक पानटपरीवर बडीशेपेच्या पुड्या बांधायला घेतलेली दिसली. फुकट दिलेलं पुस्तक माणूस घरी नेतो, वाचत नाही, हा पहिला धडा.

मग पेपरला अभिप्रायासाठी दोन प्रती पाठवल्या. 'पोच' या सदरात एक ओळ आली. मिराबाईनं ती कापून देवघरात ठेवली.

मग महाशिवरात्रीची जत्रा. बेलाची पानं विकणारी आणि प्रसादवाला यांच्या मधे मी सतरंजी टाकली. दिवसभरात चार प्रती गेल्या. एका बाईनं पोथी समजून घेतली आणि कव्हरवरच्या मेंढ्याला हळदकुंकू लावलं. मी आत काय आहे ते सांगितलं, तर ती म्हणाली, असू द्या, नागनाथाच्या दारात घेतलंय, वाया न्हाई जायचं.

तेव्हा मला अक्कल आली की गिऱ्हाईक आपल्याकडं येत नसतं, आपण त्याच्याकडं जायचं. पिशवी भरली, सतरंजी घेतली आणि गोरेगावच्या बाजाराला गेलो, जिथं शेळ्या-मेंढ्या उभ्या राहतात तिथंच. लिंबाखाली उभा राहून मोठ्यानं वाचायला लागलो. जंताचं वाचलं, खुरांचं वाचलं. माणसं गोळा झाली. वाचता येत नाही म्हणून अडत नव्हतं, प्रत्येकाच्या घरात आता कुणीतरी शाळा शिकलेलं आहेच. दहा-बारा जणांनी पुस्तक हातात घेतलं. किसनसिंगच्या प्रश्नाला उत्तर सापडलं म्हणून मला इतका आनंद झाला!

तेवढ्यात नरसिंग आला. आपल्या बापाबरोबर मेंढरं घेऊन हिंडणारा नरसिंग, आता काठी टेकत चालतो. त्यानं पुस्तक घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि कव्हरवरच्या मेंढ्याच्या कानावर अंगठा ठेवला.

"हे ग्यानबाचं जनावर हाय," तो म्हणाला.

मी म्हणालो, नरसिंगकाका, हे जनावर नाही, पुस्तक आहे, आणि माझं आहे. हे बघा खाली नाव.

"नाव मला दिसत न्हाई. कान दिसतो. डाव्या कानाचं टोक कातरलंय. ही नामाजीची खूण, आता ग्यानबाची. ग्यानबाला इचारलं का?"

दादा, मी विचारलं नव्हतंच. नरसिंगनं पुस्तक सतरंजीवर ठेवलं. ज्यांच्या ज्यांच्या हातात होतं त्यांनी एकेक करून ठेवलं. कुणी रागावलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. दुसऱ्याच्या खुणेचं जनावर धन्याचा शब्द असल्याबिगर घ्यायचं नाही, एवढंच. एक पोरसवदा मेंढका उलट मलाच समजावत होता, की तकलीफ मानू नका, शब्द आणा, मग घेतो.

हरीशनं फोटोतला कान जसाच्या तसा काढला होता. चूक त्याची नाही. तीस वर्षं मी मेंढराची मान पाहिली, कारण सुई मानेत टोचतात. कान पाहायचा मी विसरून गेलो. मेंढक्याच्या पोटी जन्मलेल्या दुसऱ्या कुणाकडून अशी चूक झाली नसती.

परतताना जीपमध्ये आधी राग आला. सेनगाव येईपर्यंत राग उतरला आणि लाज वाटायला लागली. आता सरळ लिहितो, रागिणी, तू न थांबता वाच.

१९९१ च्या श्रावणात दवाखान्यात लसीचं शिबिर होतं. परभणीचे साहेब खुर्चीत बसले होते. दादा साखऱ्याहून दोन मुक्काम करत मेंढरं घेऊन आला. त्यातल्या आठ-दहा मेंढरांच्या खुरांना त्यानं पाला बांधलेला होता. साहेबांनी विचारलं हे काय बांधलंय, दादानं सांगितलं, आणि साहेब हसले. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, कोण आहेत हे? मी म्हणालो, "अडाणी मेंढके आहेत साहेब, काहीही बांधतात."

भाऊ आहे असं मी म्हणालो नाही. दादा माझ्याकडं बघत राहिला, मग मेंढरं वळवून गेला. लस न टोचताच गेला.

त्याच पाल्याचं औषध माझ्या पुस्तकात पान अठरावर आहे. आणि दादा, ते बापाचं नाही, तुझं आहे. मी मोजलं. एकेचाळीसांत बापाची एकोणीस, बाकीची तुझी. मी दवाखान्यात पगार घेत होतो तेव्हा तू रानात ती शोधत होतास. सुट्टीत आलो की तुझ्या मागं हिंडून मी ती पाहिली, आणि आता माझ्या नावानं छापली. लेखकाच्या परिचयात सात पानं आहेत आणि त्यात मला भाऊ आहे असं एकदाही लिहिलेलं नाही. म्हणजे शिबिरात केलं तेच मी छापून परत केलं, पाचशे वेळा.

खूण तुझी आहे. बाप गेला तेव्हा कळपाबरोबर ती थोरल्याकडं गेली, मी नोकरीच्या तोऱ्यात होतो, मला काही खूणबीण नको म्हणालो. आता खाटेखाली तुझ्या खुणेची साडेचारशेच्या वर जनावरं आहेत. मला विकायचा शब्द दे. नाही दिलास तरी मला वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होतो. पण वाटेल.

तातेराव


मु. साखरा
दि. ११ एप्रिल २००३

धाकले मामांना रागिणीचा नमस्कार.

तुमची तिन्ही पत्रं मी मामांना वाचून दाखवली. पहिल्या पत्रातलं 'निम्मं खरं धर' हे वाक्य पण वाचलं, कारण मी वाचताना थांबले ते त्यांना कळलं. पुस्तक रोज दुपारी थोडं थोडं वाचलं. आत्याबाई पण बसायच्या. आता मामा सांगत आहेत तसं खाली लिहिते.

"तातेराव, पुस्तक ऐकलं. औषधं बराबर हायेत, दोन सोडून. पोटफुगीचं उलटं छापलं. आधी डावी कूस चोळायची, मंग चालवायचं, तेल सगळ्यात मागून. पडलेल्या मेंढराला तेल पाजलं तर ते नरड्यात अडकून मरंल, आन् लोकं म्हंतील ग्यानबाच्या औषधानं मेलं. तुझं पयलं पत्र आलं तवाच मी सांगायला पायजे व्हतं. न्हाई सांगितलं. ती माझी चूक. दुसरं, पान तीसवर मीठ जास्त हाय.

"शेवटची सात पानं रागिणी वाचून राहिली व्हती तवा मेंढरं बी उठून गेली.

"आता खुणंचं. खूण माझी तर जनावर माझं. चुकलेलं जनावर कुणाला सापडलं तर त्यानं काय करायचं असतं, त्ये तुला बापानं शिकवलंय. मेंढरांच्या वाड्यावर आणून घाल. सगळी आण. एक बी इकू नको."

एवढंच म्हणाले आणि उठून गेले. आत्याबाईंनी सांगितलंय, कधी येणार ते कळवा. मी आखितीच्या, अक्षय तृतीयेच्या सणाला माहेरी जाणार आहे, त्याच्या आधी आलात तर भेट होईल.

आपली सून,
रागिणी


औंढा
१६ एप्रिल

दादा, आणतो. प्रुफाचं एक काम किसनसिंगकडं अडकलंय, ते झालं की आखितीच्या दुसऱ्या दिवशी. तातेराव.


औंढा नागनाथ
दि. १२ मे २००३

चि. रागिणी,

हे पत्र तुझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवतोय. तू नेमकी नव्हतीस आणि झालं ते सगळं तुझ्यामुळंच झालं, तेव्हा पहिल्यांदा तुलाच सांगायला पाहिजे. दादा काही सांगणार नाही. त्याला विचारलंस तर म्हणेल, आला, जेवला, गेला.

किसनसिंगकडं माझं काम होतं ते शुद्धिपत्रकाचं. छापून झालेल्या पुस्तकात चूक सापडली की एक चिठ्ठी छापून आत चिकटवतात. चूक कबूल करायची ही सोय मला फार आवडली. माणसाला चिकटवता आली असती तर मी केव्हाच चिकटवून घेतली असती. पोटफुगी आणि मीठ, दोन्ही त्यात घातलं. खाली तिसरी ओळ माझ्या मनानं टाकली, 'या पुस्तकातील बावीस औषधे लेखकाचे थोरले बंधू ग्यानबा नामाजी गडदे यांची आहेत.' किसनसिंगनं ती वाचली आणि चिठ्ठ्यांचे पैसे घ्यायला काही केल्या तयार होईना.

पुस्तकं खताच्या चार पोत्यांत भरली. मिराबाई म्हणाली, मी पण येते, तुम्ही मधेच उतरून पळाल. हिंगोलीला बस बदलताना कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय? मी म्हणालो, मेंढरं. तो हसला नाही, पोती वर चढवू लागला.

दादानं मेंढरं लेंडीखतासाठी लक्ष्मीबाईच्या रानात बसवली होती. सेनगावला उतरून केलेली जीप बांधावर थांबली. दादा उठला नाही. वैनी मात्र धावत आली आणि मिराबाईच्या गळ्यात पडली. मग त्या दोघी अकरा वर्षांचं बोलायला लागल्या ते संध्याकाळी जीप येईपर्यंत. मी एकेक पोतं पाठीवर घेऊन दादाच्या पुढं आणून ठेवलं. चौथं ठेवताना माझे गुडघे वाजले. तो म्हणाला, "म्हातारा झाला तू." मी म्हणालो, "तुझ्याहून चार वर्षांनी लहान आहे." बोलणं इथून सुरू झालं.

तेवढ्यात लक्ष्मीबाई आल्या, मेंढरं रानात सगळीकडं नीट बसतात का ते बघायला. पोती बघितली, मला बघितलं, आणि दादाला विचारलं, हे पावणे कोण म्हणायचे?

रागिणी, मी पोत्याची गाठ घट्ट करायला वाकलो. हाच प्रश्न मला विचारला होता तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं ते तू वाचलंच आहेस.

दादा म्हणाला, "भाऊ हाय माझा. पाठचा. पुस्तक लिवलंय त्यानं." मग म्हणाला, "जरा अडाणी हाय. कान वळखत न्हाई."

वैनी तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो आणि हसता हसता रडलो, ते लपवत नाही. एवढ्या शिक्षेवर सुटलो, याहून मोठं नशीब काय असतं?

मग जेवण. तुला आपल्यातली रीत माहीत असेलच. चुकलेलं जनावर आणून देणाऱ्याला धन्यानं जेवू घातल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. दादानं 'सगळी आण' लिहून पाठवलं तेव्हाच मिराबाई म्हणाली होती की हे जेवायला बोलावणं आहे. मला ते साखऱ्याच्या शिवेत शिरेपर्यंत पटलं नव्हतं. भाकरी, ठेचा आणि आखितीचा राखून ठेवलेला आमरस. रस माझ्यासाठी राखला होता हे वैनीनं सांगितलं. दादानं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

हात धुऊन दादानं कातर घेतली, लोकर कातरायची नाही, ती लहान, कानाची. पोतं सोडलं. एक पुस्तक काढलं, डाव्या हातात धरलं आणि वरच्या कोपऱ्याचं टोक कातरून टाकलं. कव्हर, आतली पानं, सगळ्यासकट. दुसरं घेतलं. तो म्हणाला, "चितरातला कान सगळ्यांना कुठं दिसतो? नुसता हात लावून कळलं पायजे. मंग इक." लिंबाखाली आम्ही चौघं बसलो. वैनी पुस्तकं काढून देत होती, दादा कान कातरत होता, मी चिठ्ठ्या चिकटवत होतो आणि मिराबाई पुस्तकं परत पोत्यात भरत होती. तिसरी ओळ मी त्याला वाचून दाखवली. त्यानं ऐकलं, एका पुस्तकाचा कान जरा जास्तच कातरला, आणि म्हणाला, "बावीस न्हाई. एकवीस. गोचडीचं हिचं, गोजरचं हाय." वैनी म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं. किसनसिंगला आता आणखी एक चिठ्ठी छापायला सांगितलीय.

परवा गोरेगावच्या बाजारात गेलो. नरसिंगनं पुस्तक घेतलं, कव्हर बघितलंच नाही, कातरलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "आता बराबर," म्हणाला. दोन प्रती घेतल्या, एक घरी, एक जावयाला. दुपारपर्यंत पिशवी रिकामी झाली. पुस्तकाची जाहिरात कशी करावी म्हणून मी समारंभ केला, पेपरला पाठवलं, जत्रेत बसलो. खरी जाहिरात दादाच्या कातरीत होती, आणि तो ती रोज कमरेला लावून हिंडत होता.

आता शेवटचं. चौथ्या पोत्यातलं तळचं पुस्तक दादानं बाजूला ठेवलं होतं. सगळं आवरल्यावर ते घेतलं, कोपरा कातरला, आणि मग खालच्या कडेला आणखी एक बारीक चीर दिली. मला वाटलं चुकून लागली.

"चुकून न्हाई," तो म्हणाला. "ही तुझी. बापानं ठरवली व्हती धाकल्यासाठी. त्याचीच खूण आन् खालून एक चीर. तू नको म्हणाला तवा मी दुसऱ्या कुणाला दिली न्हाई. राखून ठिवली."

ते पुस्तक विकायचं नाही. मिराबाईनं ते देवघरात ठेवलंय, 'पोच'च्या कात्रणाशेजारी.

तू साखऱ्याला परत गेलीस की हे पत्र दादाला दे. वाचून दाखवायच्या आधी नुसतं हातात दे. खाली मी नाव लिहीत नाही. कागदाचा वरचा कोपरा कातरलाय आणि खालच्या कडेला एक चीर दिलीय. कुणाचं पत्र आहे ते त्याला सांगू नकोस, त्याचं त्याला वाचू दे.